विमान आदळलं तर अणुभट्टीची भिंत टिकेल का? तारापूर-जैतापूरचा प्रश्न मराठवाड्यानं का समजून घ्यावा

गंगाखेड : एक लढाऊ विमान रुळावरून सुसाट येतं, काँक्रीटच्या भिंतीवर आदळतं आणि डोळ्यांदेखत त्याचा भुगा होतो. भिंत मात्र जागेवर उभी. हा व्हिडिओ सोशल मीडियावर वर्षानुवर्षं फिरतो आहे. 'अणुभट्टीच्या भिंतीला विमानसुद्धा काही करू शकत नाही,' असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

दुसऱ्या बाजूला मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, उलट्या अफवांचा पूर आला होता. पाकिस्तानातल्या किराणा हिल्स भागात अणुसाठ्यावर हल्ला झाला, किरणोत्सर्ग पसरला, असे मेसेज गावोगावच्या मोबाइलवर पोहोचले. हवाई दलाच्या वतीनं एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकार परिषदेत तो दावा साफ नाकारला. पाकिस्तानातल्या कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनंही सांगितलं.

म्हणजे एक मेसेज म्हणतो काहीच होत नाही, दुसरा म्हणतो सगळं संपलं. खरं उत्तर या दोन्हीच्या मधे आहे आणि ते समजायला फार अवघड नाही.

गंगाखेडपासून तारापूर आणि जैतापूर ही दोन्ही ठिकाणं सरळ रेषेत सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटरवर. मग आपला संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध दोन गोष्टींचा आहे. तारापूरची वीज ज्या ग्रीडमध्ये जाते, त्याच ग्रीडवर आपले कृषिपंप चालतात. दुसरं म्हणजे देशाचं अणुऊर्जेचं धोरण आता झपाट्यानं बदलतंय. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट अणुवीज करण्याचं उद्दिष्ट केंद्रानं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. आज ती क्षमता नऊ हजार मेगावॅटच्या आसपास आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं 'शांती' कायदा मंजूर करून खासगी कंपन्यांनाही या क्षेत्राचं दार उघडलं. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत अणुभट्ट्या आज आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त जागी उभ्या राहणार. त्या कशा बांधल्या जातात, हे फक्त कोकणानं विचारायचं असं राहिलेलं नाही.

तो व्हिडिओ नेमका कशाचा?

आधी व्हिडिओचं बघू. तो खरा आहे, बनावट नाही. १९ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत हा प्रयोग झाला. एफ-४ फँटम जातीचं सुमारे १९ टन वजनाचं लढाऊ विमान रॉकेटच्या जोरावर रुळावरून ताशी सुमारे ७७५ किलोमीटर वेगानं सोडलं आणि काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळवलं. इंधनाच्या जागी टाक्यांत पाणी भरलं होतं. विमानाच्या धडाचा घाव काँक्रीटमध्ये जेमतेम दोन सेंटिमीटर गेला, इंजिनाचा सुमारे सहा सेंटिमीटर.

पण व्हिडिओसोबत न येणारी माहिती जास्त महत्त्वाची आहे. तो ठोकळा तब्बल साडेतीन मीटरपेक्षा जाड होता, म्हणजे बारा फूट. एवढी जाड भिंत कुठल्याच अणुभट्टीच्या घुमटाला नसते. शिवाय तो ठोकळा जमिनीत घट्ट रोवलेला नव्हता, धडकेनं मागं सरकेल असा ठेवला होता. कारण प्रयोगाचा हेतू वेगळाच होता. धडकेच्या त्या क्षणभरात भिंतीवर किती जोर येतो आणि तो कसा वाढतो-घटतो, हे शास्त्रज्ञांना मोजायचं होतं. 'अणुभट्टी टिकते' हे दाखवण्यासाठी तो प्रयोग केलाच नव्हता.

विमान आदळल्यावर जोर किती येईल हे गणितानं काढायची रीत त्याआधी वीस वर्षं, १९६८ मध्ये, जॉर्ज रिएरा या अभियंत्यानं मांडली होती. सँडियाच्या प्रयोगानं ती रीत बऱ्याच अंशी बरोबर असल्याचं दिसलं. आजही जगभर अणुभट्टीच्या भिंतीचा हिशोब करताना सुरुवात रिएराच्या सूत्रापासून होते.

पत्र्याचा डबा आणि पहार

या हिशोबातली मुख्य गोष्ट साधी आहे. भिंतीवर पत्र्याचा रिकामा डबा फेकला तर डबा चेपतो, भिंतीला काही होत नाही. त्याच वजनाची पहार टोकानं मारली तर भिंतीला खड्डा पडतो. विमानात या दोन्ही गोष्टी असतात. विमानाचं धड म्हणजे अॅल्युमिनियमची पोकळ नळी. ती आदळताना चुरगळत जाते आणि बरीचशी ताकद तिच्या चुरगळण्यातच खर्च होते. इंजिनाचा मधला दांडा मात्र भरीव, जड पोलादाचा असतो. तो पहारीसारखं काम करतो. म्हणून अभियंते भिंत दोनदा तपासतात. अख्ख्या विमानाच्या धक्क्यानं भिंत वाकेल का, हे एक. इंजिन एका जागी घुसेल का, हे दुसरं.

भिंतीचं नुकसान पायऱ्यापायऱ्यांनी होतं. आधी वस्तू पुढच्या बाजूला रुतते. मग भिंतीच्या मागच्या, म्हणजे आतल्या बाजूनं काँक्रीटच्या ढलप्या उडतात. जोर आणखी असेल तर वस्तू आरपार जाते. यातली मधली पायरी फसवी असते. बाहेरून भिंत शाबूत दिसते, पण आत उडालेली ढलपी एखाद्या पाइपवर किंवा वायरच्या जुडग्यावर पडू शकते. भिंतीच्या आतल्या अंगाला पोलादी पत्रा लावला असेल तर ढलप्या अडवायला त्याची मदत होते.

दुसरी गोष्ट वेगाची. वजन दुप्पट झालं तर धडकेतली ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. हायवेवर गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच 'विमान आदळलं तर टिकेल का' या प्रश्नाला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा विमान केवढं आणि वेग किती हे सोबत सांगितलं जातं.

न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर ११ सप्टेंबर २००१ ला आदळलेल्या बोइंग ७६७ विमानांचं वजन प्रत्येकी सुमारे १२८ टन होतं. नंतरच्या सरकारी चौकशीत त्यांचे वेग ताशी सुमारे ७१० आणि ८७० किलोमीटर निघाले. हिशोब केला तर पहिल्या विमानाची ऊर्जा व्हिडिओतल्या फँटमच्या जवळपास सहापट आणि दुसऱ्याची साडेआठपट येते. व्हिडिओ बघून निर्धास्त होण्याआधी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेतल्या वीज उद्योगाच्या संशोधन संस्थेनं अभ्यास करून सांगितलं की मोठं प्रवासी विमान आदळलं तरी अणुभट्टीचा घुमट फुटणार नाही. मात्र त्या अभ्यासात वेग धरला होता ताशी सुमारे ५६० किलोमीटर. इतक्या कमी उंचीवर, इतक्या छोट्या इमारतीवर नेम धरायचा तर वैमानिकाला वेग कमीच ठेवावा लागेल, असं त्यामागचं कारण दिलं गेलं. टीकाकारांनी विचारलं, मनोऱ्यावर आदळलेल्या विमानाचा प्रत्यक्ष वेग ८७० असताना तुम्ही ५६० का धरता? या दोन वेगांत ऊर्जेचा फरक जवळपास अडीचपट पडतो. कुठलाही अहवाल वाचताना निष्कर्षाआधी त्यात काय धरून चाललेत ते बघावं, याचा हा धडा आहे.

महाराष्ट्रात काय आहे?

तारापूर हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठी. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालेल्या. सुरुवातीला प्रत्येकी २१० मेगावॅट, पुढं १६० वर आणलेल्या. त्यांची रचना साठच्या दशकातली. रिएराचं सूत्र छापून आलं तेव्हा या भट्ट्यांचं बांधकाम संपत आलं होतं. प्रवासी विमान मुद्दाम कुणी आदळवेल हा विचार तेव्हा जगात कुठंच भट्टी बांधताना केला जात नव्हता. विमानतळ जवळ असेल तर अपघाताचा विचार होई, जसा अमेरिकेत हॅरिसबर्ग विमानतळाजवळच्या थ्री माइल आयलंड केंद्रासाठी झाला.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या पूर्ण देशी बनावटीच्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. त्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांना दुहेरी कवच आहे. आतलं कवच ताण दिलेल्या पोलादी तारांच्या काँक्रीटचं, बाहेरचं लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचं, मधे पोकळी. म्हणजे एकाच केंद्रात सुमारे पस्तीस वर्षांच्या अंतरानं बांधलेल्या दोन पिढ्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत. 'तारापूर सुरक्षित आहे का' हा एक प्रश्न नसून दोन वेगळे प्रश्न आहेत, ते यामुळं.

जैतापूरचं तिसरंच. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, असा फ्रान्सच्या मदतीचा मूळ आराखडा होता. मे २०१० मध्ये जनसुनावणी झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली. एप्रिल २०११ मधल्या आंदोलनात पोलिस गोळीबारात एकाचा जीव गेला. तेव्हापासून करार, चर्चा, देकार चालू आहेत, भट्टी उभी राहिलेली नाही.

तिथं नेमलेली ईपीआर जातीची भट्टी मात्र विमानाच्या धडकेचा विचार आधीपासून करून आखलेल्या मोजक्या भट्ट्यांपैकी आहे. तिच्या दोन भिंती प्रत्येकी सुमारे १.३ मीटर जाड, म्हणजे सव्वाचार-सव्वाचार फूट. आपल्याकडं घराचा स्लॅब पाच-सहा इंचांचा असतो, त्यावरून अंदाज यावा. बाहेरचं जाड कवच फक्त भट्टीवर नसतं. वापरलेलं इंधन ठेवायची इमारत आणि सुरक्षायंत्रणेच्या चारपैकी दोन इमारतीही त्याखाली येतात. उरलेल्या दोन इमारती भट्टीच्या विरुद्ध बाजूंना ठेवल्या आहेत. एका विमानानं एक इमारत गेली तरी दुसरी वाचावी, असा त्यामागचा विचार. चार विहिरी एकाच बांधावर न खोदता शेताच्या चार कोपऱ्यांत खोदाव्यात, तसं.

हे सगळं फुकट होत नाही. याच जातीची फ्रान्समधली फ्लामान्व्हिलची भट्टी ३.३ अब्ज युरोत होणार होती, ती १३.२ अब्जांवर गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीडला जोडली गेली. सगळा खर्च भिंतीचा नाही. बांधकामातल्या चुका आणि वर्षानुवर्षांचा उशीर यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण सुरक्षेचा प्रत्येक थर शेवटी युनिटच्या दरात येतो, आणि तो दर बिलातून वसूल होतो.

भिंत टिकली, तरी काम संपत नाही

इथं बहुतेक चर्चा थांबतात आणि खरा मुद्दा इथंच सुरू होतो.

साखर कारखान्याचा बॉयलर बंद करायचा तर बगॅस टाकणं थांबवायचं. आग विझते, हळूहळू सगळं थंड होतं. अणुभट्टीचं तसं नाही. साखळी प्रक्रिया बंद केली तरी इंधन स्वतःहून तापत राहतं. बंद केल्या क्षणी ही उष्णता चालू असतानाच्या सहा-सात टक्के असते, दिवसभरानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. टक्के लहान वाटतात. पण ५४० मेगावॅट वीज देणारी भट्टी उष्णता तयार करते त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणजे बंद केल्या क्षणीसुद्धा आत शंभर मेगावॅटहून अधिक उष्णता असते आणि ती पाणी फिरवून काढावीच लागते. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज, वीज गेली तर डिझेल जनरेटर.

जपानमध्ये फुकुशिमाला मार्च २०११ मध्ये हेच घडलं. तिथं विमान नव्हतं. भूकंपानं बाहेरची वीज गेली, त्सुनामीच्या पाण्यानं डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि पुढचा अनर्थ झाला. आधी भिंत कुणी फोडली नव्हती. थंड करणारी यंत्रणा बंद पडली.

विमानाच्या धडकेचा विचार करताना म्हणून चार गोष्टी एकत्र बघाव्या लागतात.

पहिली, भिंत.

दुसरी, हादरा. घुमट टिकला तरी धक्क्याची थरथर आत पोहोचते. स्विच, रिले, वायरींचे पॅनेल यांना ती सोसते का, हे वेगळं तपासावं लागतं.

तिसरी, आग. जून २०२५ मध्ये अहमदाबादला कोसळलेल्या एअर इंडियाच्या विमानात सुमारे ५४ टन इंधन होतं. ते मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर पडलं आणि २६० जीव गेले. तिथं इमारत साधी होती, तुलना करता येणार नाही. पण एवढं इंधन पेटलं म्हणजे काय होतं, हे साऱ्या देशानं पाहिलं. अणुकेंद्रात हे जळतं इंधन हवा आत घेणाऱ्या झडपांतून, दारांतून, केबलच्या खंदकातून आत शिरू नये, याची व्यवस्था लागते.

चौथी, वापरलेल्या इंधनाचा हौद. भट्टीतून काढलेलं इंधन वर्षानुवर्षं पाण्याखाली ठेवतात. बऱ्याच जुन्या केंद्रांत हा हौद मुख्य घुमटाच्या बाहेर, साध्या छपराखाली असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २००५ मध्ये याच हौदांकडं बोट दाखवलं होतं.

अमेरिकेच्या अणू नियामकानं २००९ मध्ये नव्या भट्ट्यांसाठी जो नियम केला, तो म्हणून नुसत्या भिंतीबद्दल बोलत नाही. मोठं प्रवासी विमान आदळल्यावर भट्टी थंड होत राहिली पाहिजे किंवा घुमट शाबूत राहिला पाहिजे, आणि वापरलेल्या इंधनाचं थंड होणं चालू राहिलं पाहिजे किंवा त्याचा हौद फुटता कामा नये, असं तो सांगतो.

युक्रेननं शिकवलेलं

हे सगळं कागदावरचं राहिलं असतं, पण युक्रेनच्या युद्धानं ते प्रत्यक्षात दाखवलं. युरोपातलं सर्वांत मोठं अणुकेंद्र झापोरिझ्झिया मार्च २०२२ पासून रशियाच्या ताब्यात आहे. ७ एप्रिल २०२४ ला एका ड्रोननं तिथल्या सहाव्या भट्टीच्या घुमटाला धडक दिली. घुमटाला धोका झाला नाही. जाड काँक्रीटपुढं छोट्या ड्रोनचं काही चाललं नाही.

१४ फेब्रुवारी २०२५ ला चेर्नोबिलला वेगळं घडलं. १९८६ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या भट्टीवर २०१६ मध्ये जी प्रचंड पोलादी कमान सरकवून बसवली होती, तिच्या छतावर ड्रोन आदळला आणि भोक पडलं. आतल्या थराला लागलेली धग विझवायला कित्येक दिवस गेले. किरणोत्सर्ग वाढला नाही. पण ती कमान पत्र्याच्या थरांची आहे, धूळ आत कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली, हल्ला सोसण्यासाठी नाही. तोच हत्यार-प्रकार, दोन इमारती, दोन निकाल.

झापोरिझ्झियात खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. बाहेरून येणाऱ्या विजेच्या तारा पुन्हा पुन्हा तुटल्या. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये तर सुमारे महिनाभर ते केंद्र डिझेल जनरेटरवर काढावं लागलं. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटलं आणि थंड करण्याचं पाणी ज्या जलाशयातून यायचं तोच आटला. भट्ट्या बंद होत्या म्हणून निभावलं. घुमटाला टवका उडाला नाही, तरी वीज आणि पाणी या दोन दोऱ्यांवर सगळं लटकलं.

दुष्काळ बघितलेल्या मराठवाड्याला हे लवकर कळेल. गंगाखेडपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर परळीचं औष्णिक केंद्र आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं. कोळशाचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवता येतं, वीज जाते एवढंच. अणुभट्टीला बंद असतानाही पाणी लागतं.

हे आत्ता सांगण्याचं कारण आहे. लहान अणुभट्ट्यांच्या नव्या योजनेत, वय झालेल्या कोळसा केंद्रांच्या जागा वापरण्याचा विचार अणुऊर्जा विभागानं उघडपणे मांडला आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महाजेनकोनं रशियाच्या रोसाटॉमसोबत थोरियमवर चालणाऱ्या लहान भट्टीसाठी सामंजस्य करार केला. परळीत अणुभट्टी येणार, असा याचा अर्थ कुणी काढू नये आणि तसा मेसेज पुढं ढकलू नये. पण भट्ट्या समुद्रकाठ सोडून आत येऊ लागल्या तर पाण्याचा आणि लोकवस्तीचा प्रश्न कोकणापेक्षा वेगळा होणार, हे आतापासून ओळखून ठेवावं.

बांधकाम नीट झालं का, हे कोण बघतं?

कागदावरची भिंत आणि प्रत्यक्षातली भिंत एकच असते असं नाही. गोव्याला लागून, कारवारजवळ कैगा अणुकेंद्र आहे. १३ मे १९९४ रोजी तिथं पहिल्या भट्टीचं बांधकाम चालू असताना आतल्या घुमटाच्या काँक्रीटचा थर खालच्या बाजूनं सुटून कोसळला. भट्टीत तेव्हा इंधन नव्हतं, म्हणून किरणोत्सर्गाचा प्रश्न आला नाही. पण विमान नाही, भूकंप नाही, तरी घुमट पडला. मग आराखडा बदलला, घुमट नव्यानं बांधला आणि कैगाच्या त्या भट्ट्या २००० साली सुरू झाल्या.

या घटनेकडं दोन्ही बाजूंनी बघता येतं. चूक इंधन भरण्याआधी उघडी पडली, दुरुस्त झाली, ही जमेची बाजू. एवढ्या महत्त्वाच्या कामात ती मुळात राहिली कशी, ही दुसरी. गावात पुलाचा स्लॅब ओतताना सिमेंट किती, सळई किती हे बघायला चार माणसं उभी राहतात. अणुभट्टीच्या घुमटाजवळ गावकऱ्याला उभं राहता येत नाही. तिथं आपल्या वतीनं उभं राहायचं काम नियामकाचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं. हे मंडळ वर्षानुवर्षं अणुऊर्जा खात्याच्याच छत्राखाली असल्याची टीका होत आली. नव्या कायद्यानं त्याला वैधानिक दर्जा दिला आहे. दर्जा कागदावर आला, आता खासगी कंपनीला 'थांब' म्हणायची धमक दिसते का, हे पुढच्या काही वर्षांत कळेल.

गुप्तता हवी, पण किती?

सुरक्षेचं सगळं उघड करता येत नाही, हे मान्यच आहे. कुठली भिंत कुठं कच्ची आहे हे छापलं तर ते आपल्याआधी शत्रू वाचेल. २००८ च्या मुंबई हल्ल्याआधी डेव्हिड हेडलीनं ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची टेहळणी केली होती, हे न्यायालयात उघड झालेलं आहे. न्यूयॉर्कवर हल्ला करणाऱ्यांनीही एका अणुकेंद्राचा विचार केला होता, असं अमेरिकेच्या चौकशी आयोगानं नोंदवलं. माहिती अधिकार कायद्यातही देशाच्या सुरक्षेशी संबंधित माहिती नाकारायची मुभा आहे.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात मात्र एक चांगली प्रथा आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. युद्धाच्या तोंडावर असतानाही ही यादी थांबलेली नाही. अर्थात हा करार दोन सरकारांना बांधतो. अपघाताला आणि अतिरेक्याला तो लागू होत नाही.

तरीही, तपशील न सांगता दर्जा सांगता येतो. जर्मनीनं फुकुशिमानंतर २०११ मध्ये आपल्या सगळ्या भट्ट्यांची तपासणी करून निकाल जाहीर केला. कुठली भट्टी मोठ्या विमानासाठी, कुठली लढाऊ विमानासाठी आणि कुठली छोट्या विमानासाठीही सिद्ध झालेली नाही, हे लोकांसमोर ठेवलं. कच्च्या जागेचा नकाशा छापला नाही. त्यातून देशाचं नुकसान झालं नाही, लोकांना निर्णय घेता आला. भारतात असं का होऊ नये?

सुनावणीत विचारायचे प्रश्न

उद्या महाराष्ट्रात कुठंही, किनाऱ्यावर किंवा आत, नवी अणुभट्टी आली तर जनसुनावणी होईल. तिथं 'हवी की नको' एवढ्यावर न थांबता हे विचारावं :

१. भिंतीचा हिशोब कुठल्या विमानासाठी केला आहे? छोटं, लढाऊ की मोठं प्रवासी?

२. तो हिशोब कंपनीशिवाय दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासला का?

३. वापरलेल्या इंधनाचा हौद जाड कवचाखाली आहे की बाहेर?

४. डिझेल जनरेटर आणि पंप वेगवेगळ्या कोपऱ्यांत आहेत का? बाहेरची वीज गेली तर किती दिवस निभावतं?

५. धरण आटलं तर थंड करायचं पाणी कुठून येणार, आणि त्यासाठी शेतीचं पाणी तोडणार का?

६. १६ किलोमीटरच्या आपत्कालीन टापूत कुठली गावं येतात, आणि त्यांना मराठीत समजेल असा आराखडा दिला आहे का?

यातल्या एकाही प्रश्नाच्या उत्तरानं शत्रूला मदत होत नाही. उत्तर मिळालं नाही तर मात्र अफवेला जागा मिळते.

आज एवढं म्हणता येतं की जाड, दुहेरी, नीट बांधलेला घुमट विमानाच्या धडकेत बहुधा टिकतो. काळजी घुमटाबाहेरच्या गोष्टींची आहे. जुन्या पिढीच्या भट्ट्या, उघड्यावरचे हौद, विजेच्या तारा, पाणी आणि तपासणाऱ्याचा स्वतंत्रपणा यांवर पुढची सुरक्षा ठरणार आहे. मोबाइलवर पुढच्या वेळी 'भट्टीला काहीच होत नाही' किंवा 'भट्टी फुटली' असा मेसेज आला, तर विमान कोणतं, वेग किती, बातमी कुणी दिली आणि अणुऊर्जा नियामक मंडळ काय म्हणतं, एवढं बघूनच तो पुढं पाठवावा.